हवाई बेटांतील एक पंगत

परदेशगमनाची हौस आम्हांस कधींच नव्हती. बत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलीं. त्या काळांत वाईहून काशी आणि वाईहून रामेश्वर एवढाच काय तो आमचा प्रवास. परंतु कन्या व जांवई नोकरीनिमित्त हवाई बेटांतील हिलो गांवीं राहूं लागलीं, आणि 'बाबा, आईला घेऊन एकदां याच' असे निरोप वरचेवर येऊं लागले. तेव्हां गेल्या वर्षीं फाल्गुनांत आम्ही उभयतां निघालों व तीन महिने तेथें राहून आलों. त्या सर्व वास्तव्याची हकीकत सांगूं गेल्यास मासिकाचीं पानें पुरणार नाहींत. म्हणून एकाच जेवणाची सांगतों. तें जेवण जेवून आल्यापासून आमच्या घरांतली एक जुनी रीत आम्हांस पूर्वींसारखी दिसत नाहीं. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरींही ती रीत अद्याप असेल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

हवाई बेटें प्रशांत महासागराच्या ऐन मध्यावर आहेत. १९५९ सालापासून तें अमेरिकेचें पन्नासावें संस्थान आहे. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाचें नांवही हवाईच. नकाशावर मुंबईवरून पूर्व-पश्चिम रेघ ओढीत गेलें तर ती या बेटाच्या दक्षिण टोंकावरून जाते. त्यामुळें अंगणांत पाऊल टाकतांच जास्वंद, चाफा, नारळ, केळ अशी सर्व ओळखीची मंडळी भेटली. पाऊसही कोंकणासारखा. फरक घड्याळाचा. तेथें सायंसंध्येची वेळ होते तेव्हां वाईस दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात!

कन्येच्या कचेरींतील एक गृहस्थ मूळचे हवाईयन. त्यांच्या नातवाचा पहिला वाढदिवस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर काइलुआ गांवीं व्हावयाचा होता. तेथें मुलाचा पहिला वाढदिवस फार थाटानें करितात. परकी जहाजांबरोबर गोंवर, देवी अशा सांथी आल्या व एकोणिसाव्या शतकांत त्या लोकांचीं घरेंच्या घरें ओस पडलीं. मूल वर्षाचें होणें ही त्या काळीं केवढी गोष्ट असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. या समारंभाच्या जेवणास 'लुआउ' म्हणतात. लुआउ हा शब्द मुळीं अळूच्या कोंवळ्या पानांचा. जेवणाचें जुनें नांव निराळें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पानाचें नांव पंगतीला मिळालें.

आमंत्रण आलें तेव्हां आम्हीं आधीं नकारच दिला. लुआउचें मुख्य पक्वान्न म्हणजे जमिनींत भाजलेलें अख्खें डुक्कर. १८४७ सालीं तिसऱ्या कामेहामेहा राजानें दिलेल्या एका मेजवानीची यादी कन्येनें आम्हांस वाचून दाखविली, तींत डुकरें २७१ व पोईचीं मोठीं भांडीं ४८२! अशा ठिकाणीं आमच्यासारख्यानें जाऊन काय करावें? परंतु आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, लेकराच्या वाढदिवसाला बोलावलंय. आपण आपलं खाऊं, पण आशीर्वाद द्यायला तर जाऊं." मग दशम्या व शेंगदाण्याची चटणी डब्यांत घेऊन पहांटे पांचास आम्ही मोटारीनें निघालों. रस्ता मौना केआ व मौना लोआ या दोन पर्वतांच्या खिंडींतून जातो. दोन्हीही साडेतेरा हजार फुटांहून उंच. त्यांतील मौना लोआ हा जागता ज्वालामुखी. दोन तासांनीं पलीकडे उतरलों, तों पावसाचें नांव नाहीं आणि खालीं निळा समुद्र.

यजमानांच्या घरीं पोहोंचतांच एका मुलीनें आमच्या गळ्यांत चाफ्याच्या फुलांचा हार घातला. हा हार नाकारूं नये व देणाऱ्यासमोर काढूंही नये असा तिकडील शिष्टाचार. पुढें यजमान आम्हांस मागच्या अंगणांत घेऊन गेले. तेथें गुडघ्याहून थोड्या अधिक खोलीचा एक खड्डा खणलेला होता. त्याला इमू म्हणतात. त्यांत किआवे नांवाच्या झाडाचीं लांकडें पेटवून वर ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड तापत ठेविले होते. भलताच दगड तापला कीं फुटून उडतो. हा फुटत नाहीं. किआवे हें आपल्या शमीच्या जातकुळींतलें कांटेरी झाड, असें जांवयांनीं सांगितलें. शमीच्या पोटीं अग्नि असतो ही आपली जुनी समजूत; ती समुद्रापार खरी होत असलेली पाहून आम्हांस मोठी गंमत वाटली. दगड लाल झाल्यावर त्यांवर केळीच्या खांबाचे चेंचलेले तुकडे, त्यांवर कर्दळीसारखीं रुंद हिरवीं पानें, त्यांवर शिजवावयाचे जिन्नस, पुन्हां पानें, मग भिजविलेलें गोणपाट व सर्वांवर माती. केळींतील पाण्याची वाफ कोंडते आणि सात-आठ तासांत सर्व शिजून निघतें. ज्यांनीं रायगडाकडील पोपटी पाहिली आहे त्यांस ही कृति सहज समजेल.

त्या मोठ्या खड्ड्याकडे आम्ही फार वेळ पाहूं शकलों नाहीं. यजमानांच्या तें ध्यानीं आलें असावें. त्यांनीं हातानें खूण केली. पलीकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दुसरा एक लहानसा खड्डा होता. त्यांत केवळ रताळीं, नीरफणस, अळकुड्या व पानांत बांधलेली अळूची भाजी होती. "हा तुमच्यासाठीं," ते म्हणाले, "यांत मांसाचा थेंब पडणार नाहीं." आमच्या हातांतील डबा आम्हांस एकाएकीं जड वाटूं लागला. ज्यांनीं अनोळखी पाहुण्याच्या नियमासाठीं रात्रीं वेगळी चूल खणली, त्यांच्या दारांत आम्ही अविश्वासाची शिदोरी घेऊन उभे होतों! सौभाग्यवतींनीं तो डबा मुकाट्यानें मोटारींत नेऊन ठेविला.

दुपारीं पंगत मांडली. तरुणांसाठीं टेबलें होतीं. वडील मंडळींसाठीं जुन्या रीतीप्रमाणें जमिनीवर चटया. या चटया आपल्या केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पातीच्या विणलेल्या असतात. मधोमध हिरवीं पानें व नेचे यांची लांब पट्टी, तिच्यावर फुलें, आणि दुतर्फा माणसें मांडी घालून बसलेलीं. चमचे नाहींत, हातानेंच जेवावयाचें. डोळे अर्धवट मिटले असते तर लग्नघरची पंगतच वाटली असती.

प्रथम वाढतात ती पोई. अळूचा कांदा शिजवून, लांकडी फळीवर दगडी बत्त्यानें कुटून, पाणी घालीत घालीत केलेला हा फिकट जांभळा लगदा. दोन-तीन दिवस ठेवला कीं आंबोळीच्या पिठासारखा आंबतो, आणि आंबलेलाच जाणकारांस आवडतो. दाट असेल तर एका बोटानें उचलतो, पातळ असेल तर दोन किंवा तीन बोटें लागतात. म्हणून एकबोटी, दोनबोटी, तीनबोटी असे त्याचे प्रकार. चव आम्हांस प्रथम कांहींच लागली नाहीं. तिसऱ्या घांसास थोडी कळूं लागली. पण जिन्नस परका नव्हता. श्रावण-भाद्रपदांत ज्याचें फदफदें व वड्या आपण करितों तेंच हें अळू. या लोकांचे पूर्वज शेंकडों वर्षांपूर्वीं दक्षिणेकडील बेटांतून होड्यांनीं आले तेव्हां त्याचे कंद त्यांनीं बरोबर आणिले.

यजमानांच्या वृद्ध मातोश्री पंगतीच्या शिरोभागीं बसल्या होत्या. आजी-आजोबांस तिकडे 'तुतू' म्हणतात. आम्हीही त्यांस तुतूच म्हणूं लागलों. त्यांनीं सांगितलेली कथा अशी: आकाशपिता वाकेआ याचें पहिलें मूल मृत जन्मलें. तें घराशेजारीं पुरलें, आणि तेथून अळूचें रोप उगवलें. दुसरा मुलगा हालोआ, तो मनुष्यांचा पूर्वज. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. धाकट्यानें थोरल्याची निगा राखावी, थोरल्यानें धाकट्यास पोसावें. आणि पोईचें भांडें उघडें असेतों पंगतीस भांडण काढावयाचें नाहीं, कारण वडील भाऊ समोर बसलेला असतो! अळूच्या मूळ कंदास जे कोंब फुटतात त्यांस 'ओहा' म्हणतात, आणि त्यावरूनच कुटुंबास 'ओहाना' हा शब्द झाला. एकत्र कुटुंबास याहून समर्पक उपमा आम्हांस तरी संस्कृतांत आठवली नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. आम्हांस तुतूंच्या उजव्या हातास बसविलें व शेजारची जागा सौभाग्यवतींसाठीं ठेविली. पण त्या बसेनात. पदर खोंचून कन्येबरोबर वाढावयास लागल्या. तुतूंनीं हाक मारली तेव्हां त्या आम्हांस हळूच म्हणाल्या, "त्यांना सांगा, तुमची पंगत उठली कीं मी बसेन." आम्हीं तसें सांगितलें, सांगतांना त्यांत कांहीं गैर आहे असें आमच्या मनांतही आलें नाहीं. तुतू प्रथम हंसल्या. मग हंसूं थांबवून, समुद्राकडे बोट करून म्हणाल्या, "हें तुम्ही कोणत्या गांवांत म्हणतां आहां, ठाऊक आहे का?"

या बेटांत पूर्वीं 'कापू' नांवाचे निर्बंध होते. त्यांत स्त्रीपुरुषांनीं एकत्र जेवूं नये हा मोठा. पुरुषांचें जेवणघर वेगळें, बायकांचें वेगळें. स्वयंपाक पुरुषच करीत, परंतु तोही दोन निरनिराळ्या इमूंत. डुकराचें मांस, नारळ, बहुतेक जातींचीं केळीं हीं स्त्रियांस वर्ज्य. मोडल्यास देहान्त शिक्षा. १८१९ च्या मे महिन्यांत पहिला कामेहामेहा राजा याच काइलुआंत वारला व त्याचा मुलगा लिहोलिहो गादीवर आला. त्याची आई केओपूओलानी व सावत्र आई काआहुमानू या दोघींनीं ठरविलें कीं, हा निर्बंध आतां पुरे. आईनें आधीं आपल्या पांच-सहा वर्षांच्या धाकट्या मुलास जवळ घेऊन उघड उघड त्याच्यासह भोजन केलें. राजाचें मन होईना. अखेर नोव्हेंबरांत मेजवानी झाली. पुरुषांचें टेबल वेगळें, स्त्रियांचें वेगळें. राजानें दोन-तीन फेऱ्या घातल्या आणि एकाएकीं स्त्रियांच्या टेबलाशीं बसून जेवावयास आरंभ केला. तेवढ्यानें शतकांचा निर्बंध तुटला. किरिस्तांव मिशनरी तेथें पोहोंचले ते पुढील सालीं, १८२० मध्यें. म्हणजे हें काम परक्यांचें नव्हे, घरच्या बायकांचें. ज्या धाकट्या मुलास आईनें मांडीशीं घेतलें तोच पुढें तिसरा कामेहामेहा झाला, व वर सांगितलेली २७१ डुकरांची मेजवानी त्याचीच. आजच्या लुआउची पंगत, जींत नवराबायको शेजारीं बसतात, ती त्या एका जेवणापासूनची.

"आमच्याकडे आतां दोन इमू खणीत नाहींत," तुतू म्हणाल्या. "आज खणले, कारण तुमचें अन्न वेगळें आहे. त्याचें आम्हांला दुःख नाहीं. पण बसायची जागा वेगळी करायला मी आतां तयार नाहीं."

सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं चटईवर थोडें सरकून जागा केली. त्या बसल्या.

हें वाचून कोणी म्हणेल, एवढ्यांत काय झालें? बाहेरगांवीं, खाणावळींत, आगगाडींत आम्ही दोघें बरोबर जेवलों नाहीं काय? जेवलों. परंतु घरच्यासारखी पंगत, समोर पान, आणि शेजारीं ती, असा योग एकेचाळीस वर्षांत आला नव्हता. आमच्या एकत्र घरांत पुरुष व मुलें आधीं, बायका मागून. तीच रीत आमच्या आईची, तीच तिच्या सासूची. त्या दिवशीं आम्हांस दोन गोष्टी नव्यानें कळल्या. एक, सौभाग्यवतींस नारळाचे पदार्थ अतिशय आवडतात. खोबऱ्याच्या दुधाची 'हाउपिया' नांवाची खरवसासारखी वडी त्यांनीं दोनदां मागून घेतली. दुसरी, त्या फार भराभर जेवतात. आमचें अर्धें पान झालें नव्हतें तों त्यांचें संपलें. आम्हीं विचारिलें, "एवढी घाई कशाची?" त्या म्हणाल्या, "संवय आहे. मागं भांडीं पडलेलीं असतात ना." घरांत सर्वांच्या शेवटीं बसणारें माणूस सर्वांच्या आधीं उठतें, हें एकेचाळीस वर्षें आमच्या डोळ्यांआड घडत होतें.

जेवणानंतर मुलाच्या आत्यांनीं हुला नाच केला. भोपळ्याच्या वाद्याच्या ठेक्यावर एक बाई स्तोत्रासारखें कांहीं म्हणे आणि नाचणाऱ्यांचे हात त्याचा अर्थ सांगत. ज्या काआहुमानूनें पंगतीचा निर्बंध मोडला, तिनेंच ख्रिस्ती झाल्यावर १८३० सालीं या नाचाच्या जाहीर प्रयोगांस बंदी केली होती! मोडणारा हात पुढें बांधूंही लागतो. कालाकाउआ राजानें १८८३ च्या आपल्या राज्यारोहण-समारंभांत हुला पुन्हां उजळ माथ्यानें आणिला. हाच राजा १८८१ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा करीत असतां कलकत्ता व मुंबई पाहून गेला होता, हें ऐकून आम्हांस उगीचच जवळीक वाटली.

दुसऱ्या दिवशीं यजमानांनीं आम्हांस गांवाच्या दक्षिणेस लेकेलेके नांवाच्या ठिकाणीं नेलें. काळ्याभोर लाव्ह्यावर दगडांच्या राशी आहेत. त्या समाधि होत. पंगतीचा निर्बंध मोडला तेव्हां सर्वांनीं तें मान्य केलें नव्हतें. लिहोलिहोचा चुलतभाऊ केकुआओकालानी जुन्या धर्माच्या रक्षणासाठीं उठला व त्याच वर्षीं डिसेंबरांत कुआमोओच्या लढाईंत पडला. त्याची पत्नी मानोनो त्याच्या बाजूनें लढत होती. तीही तेथेंच पडली. ज्या नियमानें तिला पतीशेजारीं जेवावयास मनाई होती, त्या नियमासाठीं ती पतीशेजारीं मेली. त्या राशींपुढें आम्ही बराच वेळ उभे राहिलों. जुनें राखणारांस मूर्ख म्हणणें सोपें आहे. आम्हांस तें जमलें नाहीं. आमची आई त्या पक्षाची होती, आणि आम्हीही आजवर त्याच पक्षाचे.

परतीच्या वाटेवर मनांत शास्त्रार्थ चालू झाला. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत भार्येसह जेवूं नये असा स्पष्ट निषेध आहे. तो आम्हांस पाठ होता. परंतु तिसऱ्या अध्यायांत, अतिथि व आश्रित जेवल्यानंतर उरलेलें अन्न दंपतीनें खावें, असें सांगितलें आहे. आणि तेथें क्रियापद द्विवचनी आहे. बत्तीस वर्षें आम्हीं मुलांकडून द्विवचनें घोकून घेतलीं, पण या द्विवचनाकडे पाहिलें नाहीं. एका आसनावर बसावें असा त्याचा अर्थ नाहीं, हें आम्ही जाणतों. पण सर्वांच्या मागून जेवावयाचें तें दोघांनीं, एकट्या बायकोनें नव्हे, इतकें तरी तें म्हणतेंच. आम्हीं निषेध तेवढा पाळला आणि द्विवचनाचें एकवचन केलें.

भाद्रपदांत घरीं ज्येष्ठा गौरींचें जेवण होतें. घरांत लहानथोर मिळून एकोणीस माणसें. आम्हीं थोरल्या बंधूंस विचारिलें, "आज सगळींच पानें एकदम मांडलीं तर?" दादा कांहीं बोलले नाहींत. वहिनी म्हणाल्या, "आणि वाढायचं कुणी?" आम्हीं पुतण्यांकडे व नातवांकडे पाहिलें. त्यांनीं वाढलें. भाताची मूद वांकडी पडली, दोघांच्या पानांत मीठ राहिलें, आणि एकानें अळूचें फदफदें द्रोणाबाहेर सांडलें. सौभाग्यवती तूप आणावयास दोनदां उठल्या व दोनदां त्यांस बसवावें लागलें. दादांनीं चित्राहुती घातल्या आणि वहिनींच्या पानांत तूप पडेपर्यंत हात आंवरून बसले.

रोजच्या जेवणास अजून जुनीच रीत आहे. तें एका दिवसांत बदलेल असें म्हणणें खोटें होईल. आमच्या आहाराचे नियम आम्हीं सोडलेले नाहींत, सोडणारही नाहीं. परंतु अन्नाचा नियम वेगळा आणि माणसाच्या जागेचा वेगळा, हें आम्ही काइलुआंत शिकलों. त्या दिवशीं पहिला घांस घेऊन वहिनी, वय वर्षें बहात्तर, आपल्याशींच म्हणाल्या, "गौरीच्या दिवशीं ऊन वरणभात मीं या घरांत पहिल्यांदाच खाल्ला." पंगतींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग दादांनीं स्वतः उठून त्यांना आणखी वरण वाढलें.